काचेतलं कुरण

दुकान बंद करून मला बरीच वर्षं झाली, पण शिरूरच्या बाजारपेठेत अजूनही मला 'मासेवाले शौकतभाई' म्हणूनच ओळखतात. गल्लीत नव्यानं राहायला आलेली माणसं हे नाव ऐकून रविवारी सकाळी पातेलं घेऊन दारात उभी राहतात आणि आज ताजं काय आहे ते विचारतात. मी त्यांना आत बोलावून चहा पाजतो आणि सांगतो, की माझ्याकडचे मासे खायचे नव्हते, नुसते बघायचे होते. निम्म्या लोकांना ते पटत नाही. मासे नुसते बघण्यासाठी खिशात हात घालणारी माणसं या तालुक्यात होती, यावर त्यांचा विश्वासच बसत नाही.

या अंकाच्या संपादकांचा बसला, कारण ते स्वतः माझे गिऱ्हाईक होते. त्यांच्या घरी मी पाच गोल्डफिश दिले होते. एकादशीला घरातल्या कुणीतरी त्या पाचांना साबुदाण्याची खिचडी घातली आणि द्वादशीला मला फोन आला. धंद्यातल्या आठवणी लिहा पण आमच्या गोल्डफिशचं काही लिहू नका, असं त्यांनी मला बजावलं होतं. ते लिहून झालं, आता पुढचं सांगतो.

मी मूळचा काचवाला. वडिलांचं काच आणि तसबिरींचं दुकान होतं. देवांच्या, पुढाऱ्यांच्या आणि नवरा-नवरीच्या तसबिरी मढवण्यात माझी उमेदीची दहा वर्षं गेली. हिरकणीनं काच कापायची, कडा घासायच्या, चौकट ठोकायची आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यानं काच अशी पुसायची, की तिथं काच आहे हेच कळू नये. वडील त्यावर बोट फिरवून बघत. बोटाचा ठसा उमटला तर म्हणत, "पुन्हा पूस, ठशाला काय, तो पुसता येतो. पण काचेच्या आतल्या बाजूला धूळ राहिली तर गिऱ्हाईक आयुष्यभर धुळीतून बघेल." हे वाक्य माझ्या हाडात मुरलं होतं, आणि त्यानंच पुढं माझा घात केला.

रांजणगावला एमआयडीसी आली आणि शिरूरचं रूपच पालटलं. बंगले उठले, दातांचे दवाखाने निघाले, गाड्यांच्या शोरूम आल्या, आणि प्रत्येकाला दर्शनी भागात माशांची टाकी हवी झाली. टाकी म्हणजे शेवटी पाच काचा आणि आठ रेघा सिलिकॉन. मी म्हटलं, हे तर आपलंच काम. पहिली टाकी केली ती रात्रभरात गळली आणि शेजारच्या शिंप्याच्या कापडाचे तागे भिजले. दुसरी टिकली. त्यानंतर मात्र माझ्या हातची टाकी कधी गळली नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा अंक पुरणार नाही. एक कारखान्यातले मॅनेजर वास्तुशास्त्राप्रमाणे आठ सोनेरी आणि एक काळा मासा पाळत. काळा मेला की घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं म्हणून समाधानानं दुसरा नेत. संकटं एवढी येत, की काळ्या माशांचा मी वेगळा साठा ठेवू लागलो. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यांनी समुद्रातले मासे हवेत म्हणून हट्ट धरला. मी त्यांना सांगितलं, की त्यासाठी खास मीठ येतं, ते पाण्यात मोजून घालावं लागतं. त्यांनी मान डोलावली आणि मी गेल्यावर टाकीत मटणाच्या अंदाजानं खडेमीठ घातलं. पुन्हा चव घेऊन थोडं वाढवलं, असं त्यांच्या आचाऱ्यानंच मला नंतर सांगितलं.

समुद्राच्या पाण्याची टाकी मी शिकलो ती एका कोरियन साहेबांकडून. रांजणगावच्या एका कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कोरियन येत नव्हतं आणि इंग्रजीत आम्ही दोघं सारखेच. पण त्यांनी हातवाऱ्यांनी मला सगळं शिकवलं. समुद्रातून आणलेले सच्छिद्र दगड टाकीत रचायचे. त्यांना 'जिवंत दगड' म्हणतात, कारण त्यांच्या भोकाभोकांत बारीकसारीक जीव राहतात. त्यावर पोवळी वाढवायची, वरून निळसर दिवे, आतून पाण्याला लाट. साहेबांची एकच गोष्ट मला खटकायची. टाकीची मागची काच ते मला पुसू देत नसत. तिथं हिरवट-जांभळी पुटं चढलेली असत आणि माझे हात शिवशिवत. मी फडकं काढलं की ते माझं मनगट धरून मानेनं नाही म्हणत. मला वाटायचं, साहेब हुशार असले तरी अंमळ आळशी आहेत.

मासे यायचे मद्रासहून, रेल्वेनं. शिरूरला रेल्वे नाही, म्हणून मी मोटरसायकलवरून दौंडला जायचो. न्हावरा, पारगावचा पूल, चौफुला, असं करत दौंडच्या पार्सल ऑफिसात. थर्माकोलच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशवीत थोडं पाणी, बाकी ऑक्सिजन आणि मधोमध एक घाबरलेला मासा. गाडी थांबते तेवढ्यात खोकं उतरवलं नाही तर ते पुण्याला जाई. तिथले हमाल यादवमामा माझ्याहून जास्त काळजी करत. एकदा खोकं खरोखरच पुढं गेलं, तर मामांनी स्वतः पुण्याहून उलट्या गाडीनं ते आणलं आणि सबंध प्रवासात खोक्यावर ओला गमछा धरून बसले. त्या दिवशी आम्ही स्टेशनबाहेर भजी खाल्ली आणि मी त्यांना जिलेबीही खाऊ घातली.

त्या खोक्यांतून कधीमधी एक मासा यायचा, त्याचं नाव मँडरिन. बोटाएवढा. हिरव्या अंगावर निळ्या आणि नारिंगी नागमोडी रेघा, जणू पैठणीच्या काठातून कातरून काढलाय. अंगाला खवले नाहीत, नुसता बुळबुळीतपणा. तो इतर माशांसारखा सुळकन पोहत नाही. पोटाखालच्या परांवर टेकत टेकत दगडांवरून चालतो, थांबतो, डोळे फिरवतो, एक टोच मारतो आणि पुढं सरकतो. त्याचे भाऊबंद आहेत, सगळ्यांना मिळून ड्रॅगोनेट म्हणतात. एक ठिपक्यांचा मँडरिन. एक वाळूच्या रंगाचा, वाळूवरच सरपटणारा, त्याला धंद्यात स्कूटर म्हणतात. दुकानात मँडरिन आला की बघ्यांची गर्दी व्हायची आणि तो दोन दिवसांत विकला जायचा.

आणि दोन-तीन महिन्यांत मरायचा. कुणाकडेही द्या, मरायचाच. तक्रार आली की आम्ही सगळे दुकानदार एकच उत्तर देत असू, की याचं आयुष्यच तेवढं असतं. मला हे कुणी सांगितलं होतं? ज्यानं मला मासे विकले त्यानं. मी ते खरं का खोटं, कधी तपासलं नाही. खरं सांगायचं तर तपासायचं नव्हतं. दौंडच्या एका डॉक्टरीणबाईंचा मँडरिन गेला तेव्हा त्या माझ्यासमोर रडल्या होत्या, माझं काही चुकलं का म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होत्या. त्यांनाही मी हेच ऐकवलं आणि वर दुसरा मासा विकला. त्यांना खरं सांगायला मी गेलो तोवर त्या दौंड सोडून गेल्या होत्या. ही बोच अजून आहे.

हे खरं मला कळलं ते कासुर्डीत, आबांमुळे.

कासुर्डीचे बाळासाहेब हे माझे उशिराचे गिऱ्हाईक. धनगर कुटुंब. वडिलांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, मग शेती, आणि हायवेकडेची जमीन विकल्यावर दुमजली बंगला. बाळासाहेबांनी पुण्यात कुठंतरी समुद्री टाकी पाहिली आणि हॉलमध्ये सहा फुटांची तशीच मागवली. त्यांचे वडील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणे, तेव्हा सत्तरीपुढचे होते. चरायला रान उरलं नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी शेवटची मेंढरं विकली, आणि तेव्हापासून ते पडवीत घोंगडीवर बसून हायवेवरचे ट्रक बघत. बाळासाहेबांच्या पत्नी सुरेखावहिनी सांगायच्या, की आबांचं बोलणं त्या मेंढरांबरोबरच गेलं.

टाकी बसवली, इतर माशांबरोबर तिच्यात एक मँडरिनही सोडला, तेव्हा आबांनी मान वळवूनही पाहिलं नाही. आठवडाभरानं मी गेलो तर त्यांची घोंगडी पडवीतून हॉलमध्ये आली होती. पुढच्या आठवड्यात घोंगडी टाकीपुढं सरकली. मी दर रविवारी जायचो, पाणी बदलायचो, चारी काचा आरशासारख्या करायचो, दगडांवरचं पुट ब्रशनं घासून काढायचो. गावातले लोक टाकी बघायला येत तेव्हा म्हणत, आत पाणी आहे का नाही तेच कळत नाही. मी आतून फुलून जायचो.

तिसऱ्या महिन्यात सुरेखावहिनींचा फोन आला.

"भाई, तुमच्या त्या रंगीत माशापायी आबा दोन दिस झालं जेवलं न्हाईत. एक तर त्या माशाला खायला घाला, न्हाई तर ती टाकी घेऊन जावा."

मला आधी काही उमगलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. आबांचा जन्मभराचा नेम होता. संध्याकाळी मेंढरं परत आली की एकेका मेंढराची कूस, म्हणजे पोटाची बाजू, भरलीय का बघायची, पाठीवरून हात फिरवायचा, आणि सगळी चरून आलीत अशी खात्री पटली की मगच भाकरीला बसायचं. एखादं उपाशी राहिलं तर ते खाईपर्यंत हे जेवणार नाहीत. मेंढरं गेली तसा तो नेमही गेला होता. आता टाकीपुढं बसून तो परत आला होता.

मी दुकानातले माशांच्या खाण्याचे सगळे प्रकार पिशवीत भरले आणि तडक कासुर्डी गाठली. कोरडे दाणे टाकले, गोठवलेली कोळंबी बारीक करून टाकली. बाकीच्या माशांनी फडशा पाडला. मँडरिननं एकदा डोळे फिरवले आणि पाठ केली. त्याचं पोट आत गेलं होतं आणि डोक्यामागं खळगा पडला होता. आबा सगळं बघत होते. मग सावकाश बोलले.

"ती बाकीची खात्यात. ह्यो खात न्हाई, ह्यो चरतो. दिसभर बघतुया मी. एक टोच, दोन पावलं. एक टोच, दोन पावलं. मेंढरू हाय त्ये."

मी म्हणालो, "आबा, त्याचं आयुष्यच तेवढं असतं. दोन-तीन महिने."

आबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "पोट खपाटीला गेल्यालं जनावर म्हातारपणानं मरत न्हाई."

त्यानंतर त्यांनी मला विचारलं, की दर आईतवारी ते ब्रशनं घासून मी काय काढतो. मी म्हटलं, घाण. त्यांनी मला टाकीच्या उजव्या कोपऱ्याशी नेलं. तिथं पाणी बाहेर पडायचा नळ होता आणि त्याच्यामागं माझा ब्रश पोचत नसे. तेवढ्या वीतभर जागेत काचेवर हिरवं पुट होतं. आबांच्या म्हणण्याप्रमाणे मासा दिवसातून दहा वेळा तिथंच येत होता. माझ्या पिशवीत तसबिरींच्या दुकानातलं भिंग असायचं. ते लावून पाहिलं तर त्या हिरव्या पुटात पांढरे ठिपके, उवांहूनही बारीक, आणि ते चालत होते. उड्या मारत होते. शेकडो जीव. बाकीची सहा फूट टाकी मी इतकी स्वच्छ ठेवली होती, की तिथं एकही नव्हता.

"घाण न्हवं ती," आबा म्हणाले. "ह्येचा चारा तुम्ही धुऊन नेताय."

मला कोरियन साहेबांनी मनगट का धरलं होतं ते तेव्हा कळलं. चार-पाच वर्षं उशिरा, कासुर्डीत, एका धनगराच्या तोंडून. माझ्या हातांनी चकचकीत केलेल्या सगळ्या टाक्या आठवल्या आणि त्यांतले सगळे मँडरिन.

आबांना मात्र खेद करत बसायला वेळ नव्हता. उपाशी जनावर समोर असताना चूक कुणाची हा विषय ते काढतच नसत. त्यांनी विचारलं, असला चारा असलेलं दुसरं रान कुठं आहे का. आणि मला माझ्या परसातला टब आठवला. कोरियन साहेब मायदेशी जाताना त्यांच्या टाकीतले जिवंत दगड मला देऊन गेले होते. खाऱ्या पाण्यात, एका दिव्याखाली ते तसेच पडून होते, आणि मला घासायला सवड झाली नव्हती म्हणून हिरवेगार झाले होते. आळसानं माझ्या हातून झालेलं हे एकमेव पुण्य.

दुसऱ्याच दिवशी ते दगड कासुर्डीला गेले. पण सगळे एकदम टाकीत टाकायला आबांनी मनाई केली. त्यांचा हिशेब वेगळा होता. सगळं रान एकदम मोकळं सोडलं तर मेंढरं चार दिवसांत खरवडून टाकतात. एक रान चारायचं, एक राखायचं. म्हणून पडवीत तीन फुटांची दुसरी टाकी मांडायची, तिच्यात एकही मासा सोडायचा नाही, नुसते दगड आणि दिवा. ते राखीव कुरण. पंधरा दिवसांनी तिथले चार दगड हॉलमधल्या टाकीत आणायचे आणि तिथले चरून संपलेले चार इकडं विसाव्याला ठेवायचे. मी म्हणालो, असं कुठल्या पुस्तकात नाही. आबा म्हणाले, माशालाही वाचता येत नाही.

दुसऱ्या टाकीचं स्टँड पाबळला वेल्डिंग शिकलेल्या एका कारागिरानं दोन दिवसांत करून दिलं. काचा मी कापल्या. आणि आबांनी मला पहिला नियम घातला, की या घरात तुम्ही पुढची काच सोडून कशालाही हात लावायचा नाही. बाकी तिन्ही काचांवर पुट चढू लागलं. रविवारी मी जायचो, पुढची काच पुसायचो आणि हात मागं बांधून उभा राहायचो. माझी बायको झरीना म्हणायची, की कासुर्डीहून आल्यावर मी घरातल्या सगळ्या खिडक्या दोनदा पुसतो.

जेवणाच्या बाबतीत सुरेखावहिनींनी मध्यस्थी केली. आबांनी अगदीच उपास करायचा नाही. मासा अर्धपोटी असेल तोवर तेही अर्धपोटी. म्हणजे रोज एक भाकरी. आता घरादाराचं लक्ष एका बोटभर माशाच्या पोटाकडं लागलं. बाळासाहेब शेतातून आले की आधी टाकीकडं बघत, मग वडिलांकडं. शेजारीपाजारी विचारत, आज कूस कशी आहे. एवढ्या मोठ्या बंगल्यात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मला झोप लागत नव्हती. मासा गेला असता तर गिऱ्हाईक गेलं असतं, त्याचं काही नाही. पण म्हातारा माणूस सुकत चालला होता, आणि त्याच्या ताटातली भाकरी माझ्या फडक्यानं पुसली गेली होती.

पहिल्या पंधरवड्यात काही फरक दिसला नाही. दगड बदलले. तिसऱ्या आठवड्यात डोक्यामागचा खळगा भरल्यासारखा वाटला, पण तो मला आशेपोटी वाटत असेल म्हणून मी गप्प राहिलो. पाचव्या आठवड्यात एका दुपारी दुकानातला फोन वाजला. सुरेखावहिनी हसत होत्या का रडत होत्या ते कळेना.

"भाई, आज आबांनी दुसरी भाकरी मागून घेतली."

मी फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला कडकडून मिठी मारली. तो बिचारा नुसती बुडबुड्यांची मोटर घ्यायला आला होता.

त्यानंतर आबांना खांड वाढवायची हौस आली. खांड म्हणजे त्यांच्या भाषेत कळप. पण तिथंही घाई नाही. कुरण किती पोसेल ते बघायचं, मगच एक जनावर वाढवायचं. सहा महिन्यांनी स्कूटर आला. आबांनी त्याचं नाव बांडा ठेवलं, कारण तो काळापांढरा चट्टेरी होता. मला भीती होती, की दोघं एकाच चाऱ्यावर भांडतील. आबांनी आठवडाभर बघून निकाल दिला, की बांडा वाळूत चरतो आणि पहिला, ज्याला ते नवरदेव म्हणत, दगडावर चरतो, तेव्हा दोघांचं रान वेगळं आहे. पुढं ठिपक्यांची मँडरिन मादी आली, तिचं नाव बुट्टी. ती सावलीतल्या कपारी धुंडाळायची. तीन जातींचे तीन मासे, एका टाकीत, गुण्यागोविंदानं. तसं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नव्हतं.

मग मला वाटलं, नवरदेवाला त्याच्याच जातीची नवरी आणावी. दौंडला खोकं उतरवलं, पिशवीतून पाहिलं, नाजूक वाटली, घेऊन आलो. टाकीत सोडली. आबा पुढं वाकले आणि लगेच म्हणाले, "भाई, ह्यो एडका हाय."

मी हसलो. तेवढ्यात नव्या माशानं पाठीवरचा पर उभा केला. नराचा पहिला काटा लांब असतो, तुऱ्यासारखा. पिशवीत तो अंगाला चिकटलेला होता म्हणून मला दिसला नव्हता. नवरदेवानंही आपला तुरा उभारला, आणि दोघं एकमेकांना तोंडानं धरून दगडांवरून लोळायला लागले. बाळासाहेबांनी बाही सरसावून, मी जाळी घालून, एकदाचं त्यांना सोडवलं. एका खांडात दोन एडके ठेवणारा दुकानदार म्हणून आबांनी माझी गावभर ओळख करून दिली. तो दुसरा नर शिरूरला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या एका डॉक्टरांच्या जुन्या, मुरलेल्या टाकीत सुखानं राहिला. पुढच्या वेळी यादवमामांनी स्टेशनवरच पिशवी उजेडात धरली, मी भिंग लावलं, आणि पाठीवर आखूड पर बघूनच खऱ्या नवरीला कासुर्डीला नेलं.

त्या उन्हाळ्यात भारनियमन भयंकर होतं. दुपारी लाइट गेली की पंप बंद, पाणी तापायचं. आबांनी आपली घोंगडी ओली करून टाकीभोवती गुंडाळली, सुरेखावहिनींनी फ्रिजमधल्या बर्फाच्या बाटल्या पाण्यात तरंगत्या सोडल्या, आणि बॅटरीवरचा छोटा पंप लावून सगळे पाळीपाळीनं पंख्यानं वारा घालत बसले. एका दुपारी मी पोचलो तर आबा माशांना वारा घालत होते आणि स्वतः घामानं निथळत होते. एकही मासा दगावला नाही.

पावसाळा संपता संपता बाळासाहेबांचा निरोप आला, की झरीनाला घेऊन संध्याकाळी जेवायलाच या, आबांना काहीतरी दाखवायचंय. आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. हॉलमधले दिवे आबांनी बंद करवले होते. टाकीचे दिवेही एकेक करून मंदावत होते. आम्ही सगळे घोंगडीवर दाटीवाटीनं बसलो.

दगडाआडून नवरदेव निघाला, तुरा उभारून. त्याच्या मागून ती. तो तिच्याभोवती दोन-तीन घिरट्या घालून तिच्या अंगाला अंग लावून थांबला. मग जन्मभर दगडांवर टेकत चालणारे ते दोन मासे दगड सोडून वर उचलले गेले. गालाला गाल लावून, सावकाश, वर वर, पाण्याच्या अगदी माथ्यापर्यंत. तिथं क्षणभर थांबले, धुरासारखा अंड्यांचा बारीक पुंजका सुटला, आणि दोघं दोन दिशांना खाली पळाले. झरीनानं माझा हात घट्ट धरला होता. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

दोन-तीन महिने आयुष्य असलेला तो मासा त्या घरात दोन वर्षं पार करून संसार थाटून बसला होता. माझ्यानं राहवलं नाही. मी आबांना सगळ्यांसमोर सांगितलं, की आयुष्यच तेवढं असतं हे मी तेव्हा खोटं बोललो होतो. मला खरं माहीत नव्हतं, आणि माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. किती घरांत हे खोटं बोललो याची मोजदाद नाही.

"ठावं हाय," आबा म्हणाले. "तवाच कळलं हुतं. मेंढरू चाचपताना माणूस मेंढराकडं बघतो. माशाचं सांगताना तुम्ही माझ्याकडं बघत हुता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मासा उपाशी हुता. आधी त्येचं बघायचं हुतं."

मी मान खाली घालून बसलो. आतून हुलग्याच्या शेंगोळ्यांचा वास येत होता. आबा उठले, टाकीला नाक लावून बांडा पाहिला, बुट्टी पाहिली, नवरा-नवरी पाहिले. सगळ्यांच्या कुशी बघून झाल्यावर वळले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, मानेपासून खालपर्यंत, सावकाश. मग आत हाक दिली.

"सुरेखा, पयलं ताट भाईंना वाढ. खांडातलं तेवढंच एक उपाशी राह्यलंय."